मेलेला गवई मैफलीला आला!

आपल्याकडे दिवंगत गवयाच्या नावाने मैफल होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पुण्यतिथी येते, तसबिरीला हार पडतो, शिष्य तंबोरे जुळवतात आणि रात्र उलटेपर्यंत ‘बुवा असते तर’ या एकाच वाक्याभोवती साऱ्या आठवणी फिरत राहतात. पण मेलेला गवईच खांद्याला गिटार अडकवून व्यासपीठावर चढला आहे, आणि समोर जमलेली हजारो माणसे त्याची सगळी गाणी तोंडपाठ म्हणत आहेत, असे कधी तुमच्या ऐकिवात आले आहे काय?

१९९८ सालच्या मार्च महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराजवळ हे घडले. गायकाचे नाव सिक्स्टो रॉड्रिगेझ. वय पंचावन्न. व्यवसाय म्हणाल तर अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जुनी घरे पाडणे, छपरे दुरुस्त करणे आणि राडारोडा उपसणे! समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची वर्षानुवर्षे अशी पक्की समजूत होती की हा माणूस केव्हाच वारला. कोणी सांगत, त्याने भर मैफलीत स्वतःला पेटवून घेतले. कोणी सांगत, शेवटचे गाणे संपवून त्याने तिथेच पिस्तूल झाडून घेतले. त्यामुळे तो जिवंत असून येणार आहे, अशी बातमी फुटली तेव्हाही अनेकांचा विश्वास बसेना. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुढे तोतया उभा राहिला, तसलाच हा काही प्रकार असावा, असा संशय त्यांना आला. तिकिटे काढलेल्यांतही असे संशयात्मे होते.

मराठीच्या मास्तराने या परदेशी गिटारवाल्याच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर साधे आहे. मी वर्गात ओव्या शिकवतो, लावण्या शिकवतो, अभंग शिकवतो. गाणे गाणाऱ्याच्या गळ्यातून निघून लोकांच्या ओठी कसे जाऊन बसते, आणि मधल्या वाटेत गाणाऱ्याचे काय होते, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे इतके विलक्षण उदाहरण आपल्या काळात दुसरे क्वचितच सापडेल.

मोटारींच्या गावचा पोरगा

सिक्स्टोचा जन्म १० जुलै १९४२ रोजी डेट्रॉइट येथे झाला. बाप मेक्सिकोतून पोटासाठी आलेला. घरातले हे सहावे अपत्य, म्हणून नाव सिक्स्टो. आपल्याकडे नाही का, नको असता झालेल्या मुलीचे नाव ‘नकुशी’ ठेवीत? त्यापेक्षा हे नुसते अनुक्रमांकाचे नाव पुष्कळच बरे म्हणायचे!

डेट्रॉइट म्हणजे त्या काळी मोटारींची राजधानी. फोर्ड, जनरल मोटर्स यांच्या कारखान्यांनी ते शहर पोसले. १९५० साली तेथे साडेअठरा लाखांच्या आसपास माणसे राहत. १९५९ साली याच शहरात बेरी गॉर्डी याने ‘मोटाऊन’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि कृष्णवर्णी गायकांचा आवाज साऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात नेऊन पोचवला. पण याच शहरात १९६७ च्या जुलै महिन्यात वांशिक दंगल उसळली. त्रेचाळीस माणसे मेली, लष्कर रस्त्यावर आले. एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला आग, अशा गावात हा पोरगा वाढला. त्याच १९६७ साली त्याची पहिली लहान तबकडी निघाली. तीवर कंपनीने त्याचे नाव मोडून ‘रॉड रिगेझ’ असे छापले. पहिल्याच पावलाला नाव मोडले गेले. पुढे काय वाढून ठेवले आहे याची ती सूचनाच होती म्हणा ना!

नदीकाठच्या गुत्त्यांतून तो गात असे. गाताना श्रोत्यांकडे पाठ करून बसण्याची त्याची रीत होती. आपल्याकडचा एखादा गवई असा पाठ फिरवून बसला तर पहिल्या रांगेतले दर्दी उठून चालू लागतील! पण मोटाऊनच्या तबकड्यांवर गिटार वाजवणारा डेनिस कॉफी आणि त्याचा जोडीदार माइक थिओडोर हे दोघे तेथे गेले, धुरकट खोलीत तो आवाज त्यांनी ऐकला, आणि चेहऱ्यापेक्षा शब्दांकडे त्यांचे लक्ष गेले. गरीब वस्ती, बेकारी, अमली पदार्थ विकणारे, भ्रष्ट नगरपिते, तुटलेली प्रेमे हा त्याच्या गाण्यांचा ऐवज. शब्द रोखठोक, आवाज मात्र स्वच्छ आणि शांत. वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसा तो दुःख सांगतो.

मार्च १९७० मध्ये त्याची ‘कोल्ड फॅक्ट’ ही तबकडी निघाली. वेष्टनावर काळा चष्मा आणि टोपी घालून, एका काचेच्या गोळ्यात मांडी घालून बसलेला रॉड्रिगेझ. तबकडी काढणारी कंपनी ‘ससेक्स’, तिचा चालक क्लॅरेन्स एव्हांट. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मुद्रित केलेली दुसरी तबकडी आली, ‘कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी’. दोन्ही सपशेल पडल्या. अमेरिकेत त्या किती खपल्या असतील, असे पुढे एकदा एव्हांटला विचारले, तेव्हा त्याने थट्टेने आकडा सांगितला तो अवघा सहा!

आता कंपनीलाच गाणी विकण्याची अक्कल नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. याच ‘ससेक्स’ने १९७१ साली बिल विदर्स नावाच्या गायकाला रातोरात प्रसिद्धीस आणले. मग रॉड्रिगेझच का पडला? कोणी म्हणतात, त्याचे मेक्सिकन नाव आड आले. कोणी म्हणतात, तो भिडस्त, स्वतःची जाहिरात करणे त्याला जमेना. मला वाटते, याचे एकच एक कारण शोधू नये. बाजारात चांगल्या मालाला गिऱ्हाईक मिळतेच, हा समज व्यापाऱ्यांनी पसरवलेला आहे. चांगली पुस्तके रद्दीत जाताना ज्याने पाहिली आहेत, तो त्यावर विश्वास ठेवणार नाही.

१९७५ साली ‘ससेक्स’चे दिवाळे वाजले. रॉड्रिगेझने तक्रार केली नाही. हातोडा उचलला आणि तो पाडकामावर गेला. १९७६ साली सरकारी लिलावात त्याने पन्नास डॉलरना एक पडके घर घेतले आणि त्यात संसार मांडला. अंगमेहनत करीत करीत वेन स्टेट विद्यापीठात शिकला. १९८१ साली तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. शहराच्या निवडणुकांना उभा राहिला आणि पडला. त्याच्याबरोबर काम करणारे सांगत की तो कधी कधी पाडकामालाही मेजवानीचा काळा कोट घालून येई. मुलींना त्याने ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये दाखवली. तेथे यायला पैसे लागत नाहीत, आणि गरीब माणसालाही तेथे जाण्याचा हक्क आहे, ही त्याची शिकवण होती.

समुद्रापलीकडचा दुसरा जन्म

इकडे हे चालले असताना, बारातेरा हजार किलोमीटर दूर त्याच्याच गाण्यांचे काय चालले होते, याची त्याला गंधवार्ता नव्हती.

दक्षिण आफ्रिका हे नाव आपल्याला गांधीजींमुळे घरचे वाटते. १९४८ साली तेथे नॅशनल पार्टीचे सरकार आले आणि वर्णभेद हाच देशाचा कायदा झाला. (त्याच्याही आधी, १९४६ साली, वंशभेदाच्या निषेधार्थ हिंदुस्थानने त्या देशाशी व्यापार तोडला होता. असे करणारा तो जगातला पहिला देश.) कृष्णवर्णीयांवर तर जुलूम होताच, पण गोऱ्या तरुणांच्याही डोक्यावर झापड बांधलेली होती. काय वाचावे, काय पाहावे, काय ऐकावे हे सरकार ठरवी. दूरचित्रवाणी त्या देशात आली ती थेट १९७६ साली, कारण तिच्यातून भलते विचार घरात शिरतील ही भीती! पोरांना सक्तीने लष्करात जावे लागे. जगाने त्या देशावर बहिष्कार घातला होता, त्यामुळे बाहेरचे कलावंत तिकडे फिरकत नसत.

अशा कोंदट खोलीत ‘कोल्ड फॅक्ट’ येऊन पडली. ती कशी आली याची आख्यायिका अशी की, एक अमेरिकन मुलगी आपल्या प्रियकराला भेटायला आली, तिच्या सामानात ती तबकडी होती. मैत्रांनी ती ऐकली, फितीवर उतरवून घेतली, त्या फितीवरून दुसऱ्यांनी उतरवली. पुढे तेथल्या कंपन्यांनी रीतसर तबकड्या काढल्या आणि त्या वर्षानुवर्षे खपत राहिल्या. चित्रपटात एका जाणत्याने पाच लाखांच्या आसपासचा अंदाज सांगितला आहे. त्या पिढीतल्या मध्यमवर्गीय गोऱ्या घरात बीटल्सच्या शेजारी रॉड्रिगेझची तबकडी असायचीच, असे तेथील लोक सांगतात. लष्करी छावण्यांतून पोरे ती गाणी म्हणत.

सरकारी नभोवाणीने त्यांतल्या काही गाण्यांना बंदी घातली. ती चुकूनही वाजू नयेत म्हणून नभोवाणीच्या संग्रहातल्या तबकडीवर धारदार हत्याराने ओरखडे काढलेले आहेत. ते ओरखडे आजही पाहायला मिळतात. बंदीने व्हायचे तेच झाले. १९१० साली इंग्रजांनी खाडिलकरांचे ‘कीचकवध’ बंद केले, तेव्हा ज्यांनी ते पाहिले नव्हते त्यांनाही त्यातला कीचक कोण हे कळून चुकले! प्रस्थापितांविरुद्ध बोलता येते, रागावता येते, हे या गाण्यांतून आपल्याला पहिल्यांदा उमगले, असे तेथील आफ्रिकान्स भाषेतल्या बंडखोर गायकांनी पुढे कबूल केले.

परंतु एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ही गाणी प्रामुख्याने गोऱ्या तरुणांची होती. ज्यांच्या पाठीवर चाबूक पडत होता त्या कृष्णवर्णी बहुजनांची गाणी वेगळी, त्यांचे गायकही वेगळे. मिरियम माकेबा आणि ह्यू मासेकेला यांना त्यासाठी वर्षानुवर्षे परदेशात दिवस काढावे लागले. वर्णभेद रॉड्रिगेझच्या गाण्याने संपला नाही. पण जुलूम करणाऱ्यांच्या घरातल्याच पोरांना आपल्या घराविषयी शंका यावी, एवढे काम त्या गाण्याने केले. तेही थोडके नव्हे.

एका गावाच्या नावावरून

गायक एवढा लोकप्रिय, पण त्याच्याबद्दल माहिती मात्र शून्य! वेष्टनावर ना पत्ता, ना चरित्र. गाण्यांचे श्रेयसुद्धा टोपणनावांनी दिलेले. अशी पोकळी असली की तेथे दंतकथा उगवते. आपल्याकडच्या संतचरित्रांत काय झाले? दोन अभंगांच्या मधली जागा लोकांनी चमत्कारांनी भरली. रॉड्रिगेझच्या बाबतीत ती आत्महत्येने भरली, एवढाच फरक.

स्टीव्हन सेगरमन हा मूळचा जवाहिरा, पुढे केपटाऊनमध्ये जुन्या तबकड्यांच्या दुकानाचा भागीदार. रॉड्रिगेझच्या गाण्याच्या नादाने त्याचे नावच ‘शुगर’ पडले. १९९६ साली दुसऱ्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली, तिच्यासोबतचे टिपण सेगरमनने लिहिले. त्यात त्याने सहज विचारले की, या गायकाचा माग काढणारा कोणी संगीतातला गुप्तहेर आहे काय? ते क्रेग बार्थोलोम्यू नावाच्या पत्रकाराने वाचले आणि तो कामाला लागला.

प्रथम त्याने पैशाचा माग काढला. तबकड्या खपतात तर पैसा कोठे तरी जात असणारच. पण ती वाट अमेरिकेत जाऊन बुजली. मग तो गाण्यांच्या शब्दांकडे वळला. कोठे लंडनचा उल्लेख, कोठे अ‍ॅमस्टरडॅमचा. त्या वाटाही बंद. शेवटी एका गाण्यात डिअरबॉर्न या गावाचे नाव त्याच्या कानांनी टिपले. नकाशाचे पुस्तक उघडले, तर डिअरबॉर्न निघाले डेट्रॉइटला लागून! डेट्रॉइटवरून तो माइक थिओडोरपर्यंत पोचला. १९९७ साली दूरध्वनीवर त्याने विचारले की, रॉड्रिगेझ मेला तरी कसा? पलीकडून उत्तर आले की, तो कशाला मरतो? चांगला जिवंत आहे!

आम्ही भाषेचे शिक्षक कवितेतल्या स्थलनामांवरून कवीचा काळ आणि गाव ठरवण्याचा खटाटोप करतो, तेव्हा मुले जांभया देतात. त्यांना मी ही डिअरबॉर्नची गोष्ट सांगतो. शब्द नीट ऐकणाऱ्याला मेलेला माणूससुद्धा जिवंत सापडतो, असे म्हटले की मागच्या बाकावरचेही सरसावून बसतात.

त्याच सुमारास सेगरमनने संगणकाच्या महाजालावर या गायकाविषयी पृच्छा टाकून ठेवली होती. रॉड्रिगेझची मुलगी इव्हा हिच्या ती दृष्टीस पडली. तिने निरोप धाडला. मग एका रात्री सेगरमनच्या घरचा दूरध्वनी वाजला, आणि तबकडीवर हजारदा ऐकलेला आवाज त्याच्याशी बोलू लागला.

केपटाऊन आणि पुढे

बेलव्हिलच्या सायकल-शर्यतींच्या बंदिस्त मैदानात पहिली मैफल ठरली. साथीला तेथलेच वादक. त्यांना सारी गाणी लहानपणापासून पाठ. विमानतळावर स्वागताच्या लांबलचक मोटारी पाहून त्या दुसऱ्याच कोणा बड्या पाहुण्यासाठी आल्या असाव्यात, असे या कुटुंबाला वाटले. रॉड्रिगेझ मंचावर आला आणि पहिले सूर वाजताच जो गजर सुरू झाला तो थांबेना. बराच वेळ त्याला गाताच आले नाही. तो नुसता उभा होता. लोक गायक पाहत होते आणि गायक लोकांना पाहत होता. त्या दौऱ्यात सहा मैफली झाल्या.

आणि मग? मग तो डेट्रॉइटला परत गेला आणि दुसऱ्याच्या घराची छपरे दुरुस्त करू लागला! त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना छायाचित्रे दाखवावीत तेव्हा कोठे खरे वाटे.

२००८ साली अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ‘कोल्ड फॅक्ट’ पुन्हा काढली, तेव्हा दर्दी मंडळींत थोडी हालचाल झाली. पण खरा चमत्कार घडवला तो मालिक बेन्जेलूल या स्वीडिश तरुणाने. हा २००६ साली गोष्टी धुंडाळीत आफ्रिकेत फिरत होता. सेगरमनने त्याला ही कथा सांगितली, आणि पुढची काही वर्षे तो तिच्यामागे वेडा झाला. पैसे संपले, मग जी चित्रे काढायला हवी होती ती स्वतःच काढली, आणि उरलेले काही चित्रण खिशातल्या दूरध्वनीवर केले. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा त्याचा अनुबोधपट जानेवारी २०१२ मध्ये सनडान्सच्या महोत्सवात दाखवला गेला, आणि २४ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याला ऑस्कर मिळाले. रॉड्रिगेझ त्या समारंभाला गेला नाही. हे यश चित्रपट करणाऱ्यांचे आहे, त्यावर आपली सावली नको, अशी त्याची भावना होती.

ज्या अमेरिकेने बेचाळीस वर्षे त्याच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते तिने आता त्याला डोक्यावर घेतले. ऑगस्ट २०१२ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात तो साऱ्या देशाला दिसला. २०१३ साली इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या अफाट जलशात तो गायला. चित्रपटातील गाण्यांची तबकडी अमेरिकेच्या खपाच्या यादीत चढली. वेन स्टेट विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि मुलींचा हात धरून तो मंचावर येत होता. योगायोग असा की, त्याच २०१३ च्या जुलैमध्ये डेट्रॉइट नगरपालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. गाव बुडाले आणि गावाचे गाणे वर आले.

पैसे कोणी नेले?

ही कथा मी वर्गात पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला वाटले, मुले गहिवरतील. एक मुलगी उभी राहिली. ती सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात काम करते. तिने विचारले, “सर, ते सगळं ठीक आहे. पण मधल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे त्याचे पैसे कोणी नेले?”

प्रश्न बिनतोड होता. दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्या म्हणतात, आम्ही हक्काचा हिस्सा अमेरिकेला पाठवीत होतो. चित्रपटात एव्हांटला हे विचारले तर तो चिडतो. १९७० सालच्या कराराचे आता काय घेऊन बसलात, असा त्याचा सूर. २०१४ साली गाण्यांच्या मालकीवरून हा वाद अमेरिकेच्या न्यायालयात गेला. त्यात एक जुना प्रकाशक एव्हांटवर उलटला होता. गाणी आपल्या कराराखाली येऊ नयेत म्हणून कर्त्याचे नाव टोपणनावाने दडवले, हा त्याचा आरोप. म्हणजे पाहा, ज्या टोपणनावांमुळे चाहत्यांना गायक सापडेना, त्याच टोपणनावांचा झगडा कचेरीत चालला होता!

आणि चोरून उतरवलेल्या फितींचे काय? त्या नसत्या तर ही गाणी पसरलीच नसती, हे खरे. पण त्या फितींतून गाणाऱ्याला छदामही पोचला नाही, हेही तितकेच खरे. रसिकाचे प्रेम आणि रसिकाची चोरी ही एकाच हाताने होऊ शकतात. उशिरा का होईना, २०१२ नंतरच्या मैफलींतून त्याला पैसा मिळाला. त्यातला पुष्कळसा त्याने घरच्यांना आणि मित्रांना वाटून टाकला, आणि स्वतः त्याच पन्नास डॉलरच्या घरात राहिला. त्या मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, “वाटून टाकले हा त्याचा मोठेपणा. पण त्याला आधी मिळायला हवे होते.” यावर मी काही बोललो नाही, बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

चित्रपटाने गाळलेले पान

कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा रंग भरण्यासाठी काही गाळतो, काही वाढवतो. बेन्जेलूलनेही तेच केले. चित्रपट पाहणाऱ्याला वाटते, १९७१ नंतर रॉड्रिगेझने गिटार खुंटीला टांगली ती १९९८ सालीच काढली. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातही त्याच्या तबकड्या सत्तरच्या दशकात गाजल्या होत्या. तेथे तो १९७९ साली दौऱ्यावर गेला. १९८१ साली ‘मिडनाइट ऑइल’ या वाद्यवृंदाबरोबर पुन्हा गेला. तेथील मैफलींची तबकडीही निघाली. चित्रपटात या साऱ्याचा उल्लेख नाही.

हे पान गाळल्याने कथा गोड झाली, पण माणूस लहान झाला, असे माझे मत आहे. चित्रपटातला रॉड्रिगेझ हा केवळ दैवाने फसवलेला आणि दैवानेच वर काढलेला माणूस आहे. खरा रॉड्रिगेझ ऐन उमेदीत हजारो श्रोत्यांसमोर उभा राहिला होता. टाळ्या कशा असतात हे त्याला ठाऊक होते. तेथून परत येऊन त्याने पुन्हा हातोडा उचलला आणि त्याच सुमारास पदवी पुरी केली. ज्याला कधीच काही मिळाले नाही त्याचे समाधान समजण्यासारखे असते. मिळाले, गेले, पुन्हा मिळाले, पुन्हा गेले, आणि तरी ज्याची कामाची वेळ चुकली नाही, त्याचे समाधान समजून घेण्यासाठी आपल्याला थोडा विचार करावा लागतो. १९९८ चा आणि २०१२ चा महापूर येऊनही त्याचे डोके ठिकाणावर राहिले, त्याचे रहस्य मला या गाळलेल्या पानात दिसते.

कीर्तीचा भार सर्वांना पेलतोच असे नाही. १३ मे २०१४ रोजी मालिक बेन्जेलूलने स्टॉकहोममध्ये आत्महत्या केली. वय अवघे छत्तीस. आत्महत्येची खोटी अफवा ज्याने आपल्या चित्रपटातून जगापुढे मांडली आणि पुसली, त्याच्या वाट्याला ती खरी होऊन यावी, याला काय म्हणावे?

आपल्या घरातली वही

असली कथा आपल्याकडे घडलीच नाही काय? घडली, आणि ती आपण सारे जाणतो. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी शेतात काम करता करता, जात्यावर बसता बसता गाणी रचीत. त्यांना लिहिता येत नव्हते. घरातल्या मुलांनी ती वहीत उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. साऱ्या महाराष्ट्राने ती उचलली. ज्या बाईला तिच्या गावाबाहेर कोणी ओळखत नव्हते, ती एका वर्षात घराघरांतली झाली. फक्त ते पाहायला ती नव्हती.

रॉड्रिगेझला ते पाहायला मिळाले, एवढेच त्याचे भाग्य थोर. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, तो खरोखरच मरण पावला. या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी नीट तपासून छापली. पाचच दिवसांनी, १३ ऑगस्टला, क्लॅरेन्स एव्हांटही गेला. दोघांचा हिशेब असा जवळजवळ एकाच आठवड्यात मिटला. निदान या लोकातला.

आता दिवाळीची साफसफाई चालू असेल. माळ्यावरून एखादी जुनी तबकडी निघेल, नाही तर एखादी फीत, किंवा कोणा विसरलेल्या कवीचा पातळसा संग्रह. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी वेष्टनावरचे बारीक अक्षरातले नाव वाचून पाहा. गाणारा, लिहिणारा कोठे तरी हयात असेल. आपले गाणे कोणीच ऐकले नाही, अशा समजुतीने तो आपल्या कामावर जात असेल. पत्ता मिळाला तर त्याला चार ओळींचे पत्र टाका. आणि त्याचे काही देणे लागत असाल, तर तेही देऊन टाका.